विषय: कपाट

"एका वाक्यात सांगा, पुस्तक कशाबद्दल आहे?"

कॉलेजात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न माझ्यावर आदळला आणि मला तो सरळ अपमान वाटला. मी वनस्पतिशास्त्राची नवी प्राध्यापिका. पुस्तक मीच विभागासाठी मागवलेलं, द्राक्षावरच्या भुरीचं. आणि या ग्रंथपाल गांगुर्डेबाई माझी तोंडी परीक्षा घेत होत्या. मी म्हटलं, बुरशीबद्दल आहे, वनस्पतिशास्त्रात लावा. त्यांनी पुस्तक उघडलं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं, प्रस्तावना वाचली आणि मला तसंच उभं ठेवून शेवटच्या प्रकरणापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, हे शेतीत जाईल, द्राक्षाच्या फळीवर.

मी भांडले. माझा स्वभावच भांडका आहे आणि तेव्हा तर मी नवी होते, म्हणजे दुप्पट भांडकी. बुरशी कुठे शिकवतात, हे मला कोणी सांगायची गरज नाही, असं काहीतरी मी बोलले. गांगुर्डेबाईंनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली, पुस्तकाच्या आतल्या बाजूला आकडा लिहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, बागेवर भुरी आली की पिंपळगावचा माणूस बुरशी शोधत येत नाही. द्राक्ष शोधत येतो. तुमच्यासाठी सूचीतल्या बुरशीच्या खणात एक कार्ड ठेवते. पुस्तकाची जागा एक असते. वाटा कितीही करता येतात."

मी रागारागाने परत आले. पुढे महिनाभरात ते पुस्तक माझ्या विद्यार्थ्यांनी एकदाही नेलं नाही आणि पिंपळगावकडून येणाऱ्या कॉमर्सच्या पोरांनी एकापाठोपाठ एक नेलं. घरी बागा होत्या त्यांच्या. मी हे बाईंना कधी सांगितलं नाही. त्यांना ते माहीतच होतं.

त्यांचं नाव वत्सला. असं नाव ठेवताना घरच्यांना काय दिसलं होतं कोणास ठाऊक. उंच, काटक, इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. दिवसभर फळ्यांमधून चालायचं तर चपला काय कामाच्या, असं त्या म्हणायच्या. नव्या प्राध्यापिका त्या बुटांना हसायच्या. बाई त्यांच्याकडे बघून आणखी टपटप चालायच्या. आवाज असा की ग्रंथालयात 'शांतता राखा' ही पाटी लावायची गरजच नव्हती. डबा खिडकीजवळच्या टेबलावर एकटीने खायच्या, कारण स्टाफरूममधल्या गप्पा त्यांना 'संकीर्ण' वाटायच्या. संकीर्ण हा त्यांच्या शब्दकोशातला सर्वांत वाईट शब्द होता. ज्याचं काय करायचं ते कळत नाही, ते आळशी लोक संकीर्णमध्ये टाकतात, असं त्यांचं मत. एकदा मी चेष्टेने विचारलं, आपले उपप्राचार्य कुठल्या वर्गात बसतील? त्यांनी क्षणभर खरोखरच विचार केला आणि म्हणाल्या, "संकीर्ण. पण नाइलाजाने हां."

बाईंचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअरला होते. हजारो सुटे भाग, प्रत्येकाला नंबर आणि प्रत्येक नंबराला कप्पा. लहानपणी रविवारी वडील घरातसुद्धा स्क्रू आणि वायसर निवडायला बसवायचे, आणि पोरांनी सगळे चकचकीत एका डबीत आणि गंजके दुसरीत टाकले की डब्या पुन्हा उलट्या करायचे. कसा दिसतो ते नाही, कुठे बसतो ते बघायचं, हा त्यांचा धडा. रिव्हेट कोणत्या गावाहून आलं हे विमान विचारत नाही, असं ते म्हणत. बाई हे सांगताना क्वचित हसायच्या. कॉलनीतल्या विहारात संध्याकाळी वडील पोरांची शिकवणी घ्यायचे, तिथेही वह्या अशाच लावून ठेवायचे म्हणे.

जयंतीचं सांगायलाच हवं. दरवर्षी एप्रिलमध्ये कॉलेजात कार्यक्रम व्हायचा आणि दरवर्षी बोलायला गांगुर्डेबाईंनाच सांगायचे. दोन शब्द बोला, तुमच्या समाजाच्या भावना वगैरे. इतर सगळे जण आपापल्या विषयावर बोलायचे, बाईंनी मात्र समाजावर बोलायचं. दोनतीन वर्षं त्यांनी नाही म्हटलं. मग एका वर्षी हो म्हणाल्या, आणि उपप्राचार्य देवरे सर खूश झाले. बाई उभ्या राहिल्या आणि पुस्तकांचं वर्गीकरण या विषयावर बोलल्या. दहा वर्ग कोणते, त्यांचे पोटवर्ग कसे पडतात, पाण्याबद्दलचं पुस्तक भूगोलात, शेतीत, कायद्यात आणि धर्मात कुठे कुठे जाऊ शकतं, आणि एकच निवडायचं तर कसं निवडायचं. प्राचार्य घड्याळ बघत होते. मागच्या बाकावरची मुलं मात्र ऐकत होती, कारण बाईंनी उदाहरणाला कॉलेजमधल्या प्राध्यापकांनाच घेतलं होतं. शेवटी म्हणाल्या, ज्यांची आज जयंती आहे ते आयुष्यभर पुस्तकांत राहिले, म्हणून मी पुस्तकांवर बोलले. नमस्कार. पुढच्या वर्षीपासून त्यांना कोणी दोन शब्द बोलायला सांगितलं नाही.

आता देवरे सर. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण त्यांना सगळं दिसायला नीट हवं असायचं. एकदा बाई रजेवर असताना त्यांनी संदर्भविभागातली पुस्तकं उंचीनुसार लावून घेतली. डावीकडे ठेंगणी, उजवीकडे उंच. खरंच सुंदर दिसत होतं. परत आल्यावर बाईंनी ते बघितलं, पदर खोचला आणि कोणाशी एक शब्द न बोलता दोन दिवसांत सगळं पूर्ववत केलं. तिसऱ्या दिवशी देवरे सरांच्या टेबलावरची पेनं, पट्टी, डिंकाची बाटली, सगळं कोणीतरी उंचीनुसार लावून ठेवलेलं होतं. कोणी, ते सिद्ध झालं नाही.

नव्वदचं दशक संपता संपता कॉलेजची तपासणी करायला समिती येणार असं ठरलं. समितीला काय आवडतं याच्या बातम्या गावोगावहून यायला लागल्या. देवरे सर कुठल्याशा कॉलेजात जाऊन आले आणि कल्पना घेऊन आले, 'आदिवासी व वंचित साहित्य कक्ष'. प्रवेशद्वाराशी सागवानी कपाट, काचेची दारं, आत दिवे. त्यात एक तारपा वाद्य, एक रंगवलेलं मडकं, एक सुकलेला दुध्या भोपळा आणि पुस्तकं. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या माणसांनी लिहिलेली, त्यांच्याबद्दल लिहिलेली, वस्तीतल्या माणसांनी लिहिलेली, सगळी निरनिराळ्या फळ्यांवरून वेचून आणलेली. बाईंनी आधीच लेखी विरोध केला होता. म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकलं.

सुट्टीनंतर मी ग्रंथालयात गेले तेव्हा बाई कार्डांच्या खणासमोर उभ्या होत्या. एक कार्ड वाचायच्या, फळीशी जायच्या, रिकामी फट बघायच्या, परत यायच्या. मी त्यांना इतकं पांढरं पडलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "माझं कार्ड खोटं बोलायला लागलं." अर्थशास्त्राचं पुस्तक अर्थशास्त्रात नव्हतं. कायद्याचं कायद्यात नव्हतं. लिहिणाऱ्याचं आडनाव बघून ते कपाटात गेलं होतं. नाना अहिरे हा ग्रंथालयाचा शिपाई, सटाण्याकडचा, खाली मान घालून म्हणाला, "किल्ली हाफिसमा शे, बाई." ऑफिसात किल्ली मागितली तर समिती येऊन जाईपर्यंत मिळणार नाही, असं सांगण्यात आलं.

त्या कपाटात काशिनाथ भोयेंचा प्रबंध होता. भोये हरसूलकडचे, शाळामास्तर, नोकरी सांभाळून पीएच.डी. केलेले. डोंगरातल्या नागलीची, म्हणजे नाचणीची, आणि भाताची वाणं, बी कसं निवडतात, कशात साठवतात, कोणतं वाण कोणत्या उतारावर तगतं, यावर त्यांनी कितीतरी पावसाळे घालवले होते. शास्त्रीय नावं तपासायला ते माझ्याकडे यायचे म्हणून मला त्या कामाची किंमत माहीत होती. प्रबंध ग्रंथालयात दाखल झाला तेव्हा देवरे सर म्हणाले होते, लोकसंस्कृतीत लावा, तीनशे अठ्ठ्याण्णवला, लोककथांशेजारी. बाईंनी अख्खा वाचून काढला आणि सहाशे तेहतीस आकडा घातला, शेतातली पिकं. कृषी विद्यापीठांच्या जाडजूड ग्रंथांच्या रांगेत. भोये तेव्हा त्या फळीसमोर बराच वेळ नुसते उभे होते.

नोव्हेंबरात भोये वडिलांना घेऊन आले. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, पण पोराने आपल्या शेतावर लिहिलेलं पुस्तक नाशकात कुठे ठेवलंय, ते त्याला बघायचं होतं. भोये थेट पिकांच्या फळीशी गेले आणि तिथे फट दिसली. मग नानाने कपाट दाखवलं. काचेच्या आत, भोपळ्याला टेकून, त्यांचा प्रबंध उभा होता. आतला दिवा त्याच्यावर पडला होता. म्हाताऱ्याने काचेला हात लावला, कुलूप हलवून बघितलं आणि बाईंना विचारलं, "याला कुलूप कशापायी?"

बाई म्हणाल्या, जपून ठेवलंय.

"बी पन आमी जपून ठेवतो," म्हातारा म्हणाला. "पन पेरायला काढतो. ह्ये कवा काढनार?"

बाईंनी दोघांना चहा पाजला, जुन्या सीबीएस बसस्थानकाला जाणारी रिक्षा करून दिली आणि परत येऊन नियमांची फाइल काढून बसल्या. मला म्हणाल्या, मॅडम, तुमच्याकडची पुस्तकं परवापर्यंत जमा करा. मोजणी लावतेय.

पुस्तकांची वार्षिक मोजणी खरं तर मे महिन्यात व्हायची. पण गरज वाटली तर ग्रंथपालाला ती केव्हाही लावता येते आणि एकदा लावली की कोणाकडेही असलेलं पुस्तक परत मागवता येतं, असा नियमच होता. तो कोणी वाचला नव्हता एवढंच. सगळ्या विभागांना नोटिसा गेल्या. स्टाफरूम खवळली. वर्षानुवर्षं घरी मुक्काम केलेली पुस्तकं पिशव्यांतून परत आली. प्राचार्यांच्या घरून शिवणकामाचं पुस्तक आलं, त्यावर बाईंनी काही भाष्य केलं नाही. नाना आकडे वाचायचा, बाई फळी बघायच्या. ग्रंथालयात ज्याला त्याला ठाऊक असतं की जागेवर नसलेलं पुस्तक हरवल्यात जमा. ते इमारतीत असलं तरी काय, ते शोधणाऱ्याच्या हाताला लागत नाही.

मोजणीचा अहवाल प्राचार्यांकडे गेला. त्यात कपाटातल्या एकूण एक पुस्तकापुढे 'हरवले' असं लिहिलेलं होतं. ग्रंथालय समितीवर मीही होते, म्हणून पुढची बैठक मी डोळ्यांनी बघितली. तपासणी समिती येणार आणि तिच्यापुढे जाणाऱ्या अहवालात इतकी पुस्तकं हरवलेली. देवरे सर लालबुंद झाले होते. अहो, हरवली कसली, काचेतून समोर दिसताहेत, ते म्हणाले.

"दिसताहेत," बाई म्हणाल्या. "पण कार्ड सांगतं तिथे नाहीत. बघायला येणाऱ्याला सापडतील. शोधायला येणाऱ्याला सापडणार नाहीत."

"मग कार्डं बदला. साधी गोष्ट आहे."

"बदलते. विषयाच्या जागी काय लिहू, सर? विषय: कपाट?"

मला हसू आलं होतं आणि रडूही, आणि मी दोन्ही दाबलं. प्राचार्य सौम्य माणूस, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. निदान भोये यांचा प्रबंध तेवढा कपाटात राहू द्या, तो दिसायला छान आहे, समितीला आवडेल, बाकीची पुस्तकं न्या. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, बाकीची राहिली तरी चालतील असं मी म्हणणार नाही, पण तो प्रबंध तर मुळीच नाही. नागलीवर काम करणाऱ्याला तो नागलीपाशी मिळायला हवा. या माणसाने पिकांवर लिहिलं आहे. त्याच्या जातीवर नाही. आणि त्याने जातीवर लिहिलं असतं तर ते समाजशास्त्रात गेलं असतं, भोपळ्याजवळ नाही. तुम्हाला अहवाल बदलून हवा असेल तर दुसरा ग्रंथपाल बघा, मी हाच पाठवणार.

त्या दिवशी दुपारी कपाट उघडलं गेलं. पुस्तकं परत लावायला नाना होता, मी होते, आणि बाई त्या पांढऱ्या बुटांनी या फळीवरून त्या फळीकडे टपटप जात होत्या. भोयेंचा प्रबंध त्यांनी सर्वांत शेवटी लावला, दोन्ही बाजूंची पुस्तकं थोडी सरकवून. एवढ्या सगळ्यानंतर समिती आली, ग्रंथालयात दहा मिनिटं थांबली आणि पिण्याच्या पाण्याच्या कूलरबद्दल प्रश्न विचारून गेली. कपाटात पुढे क्रीडास्पर्धांच्या ढाली लावल्या.

अशा गोष्टींची किंमत लगेच मागत नाहीत. जूनमध्ये मागितली. संस्थेच्या हरसूलच्या कनिष्ठ महाविद्यालयात गांगुर्डेबाईंची बदली झाली. तिथे ग्रंथालय म्हणजे एक खोली आणि दोन लोखंडी रॅक. नाशिकरोडच्या घरून रोज जाऊन येऊन करणं म्हणजे एसटीतच संसार मांडण्यासारखं. आम्ही चारपाच जणींनी धावपळ केली. देवरे सर स्वतः म्हणाले, मी म्हटलं ना ते वाईट नव्हते, की बाईंनी एका ओळीत खेद व्यक्त केला तर बदली रद्द करून घेतो. मी तो निरोप घेऊन गेले. बाई खण पुसत होत्या.

"एका ओळीत काय लिहू?" त्या म्हणाल्या. "पुस्तकं जागेवर ठेवली, चूक झाली?"

मी म्हटलं, बाई, तुमच्या गुडघ्यांचा तरी विचार करा. त्या म्हणाल्या, गुडघे माझे आहेत, कार्डं वाचणाऱ्यांची आहेत. निरोपसमारंभाला त्यांनी शाल घेतली नाही, नारळ घेतला नाही. देणारच असाल तर कोऱ्या कार्डांचे गठ्ठे द्या, तिकडे लागतील, असं सांगितलं. प्राचार्यांनी कोऱ्या कार्डांचे गठ्ठे हार घातल्यासारखे दोन्ही हातांनी त्यांच्या हवाली केले. इतका विचित्र सत्कार मी पुन्हा बघितला नाही.

पुढे कॉलेजात संगणक आले. एका कंत्राटदाराकडे कामाला असलेल्या मुली रोज बसून बाईंची कार्डं जशीच्या तशी भरत होत्या. मला धाकधूक होती की आता सगळं एकसारखं सपाट होईल. काम झाल्यावर मी मुद्दाम जाऊन 'नागली' टाइप केलं. भोये आले. 'बियाणे' टाइप केलं, भोये आले. 'हरसूल' टाइप केलं, तरी भोयेच. बाईंनी केलेल्या सगळ्या वाटा जागच्या जागी होत्या. मी पिकांच्या फळीशी गेले. दोन जाडजूड ग्रंथांच्या मध्ये फट होती. मी नानाला हाक मारली. नानाने पडद्यावर बघून सांगितलं की राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आलेल्या एका संशोधक मुलीने तो वाचायला घेतला आहे, त्याआधीही तो बाहेरच होता.

त्याच हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन मी डोंगरात वनस्पती गोळा करायला गेले आणि परतताना हरसूलला थांबले. आठवडेबाजाराचा दिवस होता. महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत माणसं बसली होती, पुढ्यात खुरासणी, उडीद, सुकट, प्लास्टिकच्या बादल्या. बाईंचं ग्रंथालय एका खोलीचं तीन खोल्यांचं झालं होतं. दार बाजाराच्या दिवशी सर्वांसाठी उघडं, असं खडूने फळ्यावर लिहिलेलं होतं. संस्थेची परवानगी होती का, हे मी विचारलं नाही. बाईंचे केस पांढरे झाले होते, पेन्सिल तशीच होती, एका गुडघ्याला पट्टा होता. बूट नवे होते, पण पांढरेच.

मी बसता बसता म्हटलं, बाई, भोयेंचा प्रबंध जागेवर नाही.

त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर तोच जुना राग, कार्डांच्या खणासमोरचा. "कुठे ठेवलाय त्यांनी?"

"कोणीतरी वाचायला नेलाय. परत आला की दुसरं कोणीतरी नेतं म्हणे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू खाली बसल्या, पट्ट्याचा गुडघा सरळ करून. डोळे भरले होते, आणि ते मला दिसले याचा त्यांना राग आला होता, हेही दिसत होतं.

"मग हरवला नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दारात एक बाई आली. डोक्यावर नागलीचं गाठोडं, पायात काही नाही, आत यावं की न यावं या विचारात उंबऱ्यावरच थांबलेली. तू कुठली, कोणाची, शिकलीस का, तुला वाचता येतं का, यातलं गांगुर्डेबाईंनी काहीही विचारलं नाही. अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि विचारलं, "कशाबद्दल हवंय?"

"शेळ्या मरत्यात लय," ती म्हणाली.

"ये आत," बाई म्हणाल्या, आणि पट्टा बांधलेल्या पायाने टपटप फळीकडे निघाल्या.